डायरेक्टरसाहेबांचं जेवण

रोझीकाकूंचं सगळं आयुष्य जर्मनीतल्या हेर्न गावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलं. रांगेतला माणूस ताट पुढे करायचा, तेव्हा काकू त्याच्या तोंडाकडे बघत नसत, मनगटाकडे बघत. मनगट बारीक दिसलं की बटाट्याचा एक डाव जास्त. पुढे कारखाना बंद झाला. काकूंच्या हातातला डाव काही सुटला नाही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. साहित्याची पदवी आहे, नोकरी अजून नाही. माझं मनगट बारीक आहे.

पानगळ सुरू झाली होती तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"स्वेन्या, आत ये. पाहुणा आलाय. बूट काढ, त्याला धप्‌धप्‌ आवडत नाही."

बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या जागी, काचेची मोठी पेटी होती. आत दिव्याखाली माझ्या बोटाएवढा जाड साप वेटोळं करून पडला होता. तपकिरी अंग, शेपटीकडे विटकरी पट्टे. बोआचं, म्हणजे अजगरासारख्या सापाचं, पिल्लू. मी दारातच थांबले.

"विषारी नाही गं," काकू म्हणाल्या. "ऊडोच्या मादीला पिल्लं झाली. सगळ्यांत रोडका हाच. कोणी घेईना. म्हटलं, मी घेते."

"नाव काय ठेवलंत?"

"डायरेक्टर. दिवसभर पडून असतो, कामाला हात लावत नाही आणि जेवणाची वेळ तेवढी चुकवत नाही."

ऊडो ट्रॅम चालवतो. गावात साप-सरडे पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्याचा तो अध्यक्ष. त्याची एक रीत आहे. त्याच्याकडून पिल्लू नेणाऱ्याने पुढच्या ऑगस्टमध्ये ते परत आणून दाखवायचं. सगळी भावंडं एका दिवशी एकत्र येतात. वजन होतं, लांबी मोजली जाते, कॉफी-केक होतो. एखाद्याने पिल्लू नीट वाढवलेलं नसेल, तर ऊडो ते ठेवून घेतो. नेताना सगळे हातात हात देऊन हे कबूल करतात. काकूंनीही केलं होतं.

त्याने सांगितलेलं पथ्य साधं होतं. एका वेळी एकच उंदीर, तोही सापाच्या अंगापेक्षा जाड नको. पुढचा दहा-बारा दिवसांनी. पोटाचा फुगवटा दिसेनासा झाला म्हणजे लगेच भूक लागली असं नाही.

उंदीर गोठवलेले मिळतात. काकूंच्या फ्रीजरमध्ये ते पालकाच्या शेजारी असत. काकू ते कोमट पाण्यात ठेवून बोटाने ऊब तपासत. "गार जेवण मी कारखान्यात कोणाला वाढलं नाही, याला काय वाढणार?" चिमट्यात धरलेला उंदीर आत गेला की डायरेक्टर झेप घ्यायचा, विळखे घालायचा आणि मग सावकाश गिळायचा. मी आधी डोळे मिटत असे. नंतर उघडे ठेवू लागले.

जेवण झालं की दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा काचेशी यायचा. जीभ आत-बाहेर.

"बघ कसा बघतोय. उपाशी आहे बिचारा."

"काकू, तो असाच बघतो. पोट भरलं तरी असाच बघतो."

"माझ्या रांगेतले लोकही असेच बघायचे. सगळ्यांना भूक असायची."

मग एकाचे दोन उंदीर झाले. दहा दिवसांचे पाच झाले. पाचांच्या मध्येही कधी "नाश्ता" होऊ लागला. डायरेक्टर डोळ्यांदेखत वाढला. भराभर कात टाकू लागला, आणि काकू ती कात स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगू लागल्या. शिवणाची टेप लावून त्याची लांबी घेत. "ऑगस्टात बघशील. रोडका म्हणत होते ना? सगळ्या भावंडांत हाच मोठा निघेल."

फेब्रुवारीत एका सकाळी माझं दार वाजलं. काकू उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या हातात काही नव्हतं.

"त्याने खाल्लेलं सगळं बाहेर काढलं," त्या म्हणाल्या.

खाली वास कोंडला होता. डायरेक्टर कोपऱ्यात लांब पडला होता. ऊडो पाळी संपवून तसाच गणवेशात आला. त्याने सापाला उचललं, अंगठा पाठीवरून शेवटपर्यंत फिरवला.

"रोझी, किती घालत होतीस?"

काकूंनी सगळं सांगितलं. नाश्तासुद्धा.

"अगं, हे सापाचं पोट आहे, भट्टीवरच्या कामगाराचं नाही. पुन्हा असं झालं तर वाचेल असं मी म्हणणार नाही. तीन आठवडे नुसतं पाणी. मग एक चिमुकला उंदीर. मग पुन्हा थांबायचं." दारात तो वळला. "ऑगस्टात आण. तेव्हा ठरवू."

काय ठरवायचं ते काकूंनी विचारलं नाही. दार लावून त्या पेटीकडे वळल्या.

ते तीन आठवडे. एवढे कष्ट करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. काकू पेटीसमोर खुर्ची टाकून बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तो काचेशी येऊन बघायचा. त्याही बघत. मग उठून स्वयंपाकघरात जात आणि घरभर कांदा परतल्याचा वास सुटे. बटाट्याची धिरडी वर आली. वाटाण्याचं सूप आलं. खसखशीचा केक आला, पुन्हा आला. तळमजल्यावरचा हाकान मला जिन्यात म्हणाला, "तुझ्या काकूंना सांग, सापाला घाला काहीतरी. माझ्या पँटचं बटण लागेना."

तीन आठवडे संपले. काकूंनी सर्वांत लहान उंदीर निवडला, ऊब तपासली आणि चिमटा माझ्या हातात दिला.

"तू दे. मी दिला तर दुसराही देईन."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी चिमटा आत सरकवला. डायरेक्टरने झेप घेतली.

"घेतला?"

"घेतला."

"गिळला?"

"गिळतोय, काकू."

पुढचे चार दिवस आम्ही दोघी जिन्यात कुजबुजत बोललो. काही बाहेर आलं नाही. पाचव्या दिवशी वॅफल झाले, सगळ्या इमारतीला. त्याला नाहीत.

त्यानंतर टेप ड्रॉवरमध्ये गेली. काती उशिरा पडू लागल्या. डायरेक्टर वाढत होता, पण झाडासारखा, रोज बघणाऱ्याला न दिसता.

ऑगस्टात मंडळ बिअरघराच्या मागच्या खोलीत जमलं. साप उशीच्या अभ्र्यात घालून आणतात. काकूंचा अभ्रा फुलांचा होता, इस्त्री केलेला. बेर्न्ड नावाच्या कौलारू छपरं घालणाऱ्याने आपली मादी काढली तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. ती त्याच्या मनगटाएवढी जाड होती. डायरेक्टर वजनात भावंडांत खालून तिसरा आला.

"काय रोझी," बेर्न्ड म्हणाला, "कँटीन बुडालं वाटतं?"

"बुडालं नाही रे. जेवणाच्या वेळा बदलल्या."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. ऊडोने डायरेक्टरला हातात घेतलं होतं. अंगठा पाठीवरून हळूहळू सरकत होता. काकू तो अंगठा बघत होत्या. मी रिकामा अभ्रा धरून उभी होते आणि त्याची इस्त्री मोडत होते.

"फेब्रुवारीनंतर परत काढलं?"

"एकदाही नाही."

"आणि दुसऱ्यांदा वाढलंस?"

"त्याला नाही. हिला," काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

ऊडोने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या हातातून अभ्रा घेतला, डायरेक्टरला आत सोडलं, गाठ मारली आणि ते गाठोडं काकूंच्या हातात दिलं. "घरी ने," एवढंच म्हणाला. आणि मागे न वळता: "बेर्न्ड, तुझी मादी आज इथेच राहू दे. केक खा, मग बोलू."

बेर्न्डच्या हातातला केकचा काटा हवेतच थांबला. काकूंनी त्याला केकचा सगळ्यांत मोठा तुकडा कापून दिला, आणि तो खाईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिल्या.

परतताना ट्रॅममध्ये गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. शेजारच्या बाईने विचारलं, आत काय? काकू म्हणाल्या, "आमचे साहेब." थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून डबा काढला.

"उरलेला केक आहे. घे."

"नको काकू."

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. गाठोड्याकडे पाहिलं. मग झाकण लावून डबा पिशवीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या, अगदी समाधानाने.

मला खरं तर भूक लागली होती.