‘हमारे यहाँ’वाले शेजारी

लखनौला, विकास नगरमधले आमचे शेजारी कौतुक कधीच पुरं करत नसत. “अच्छा है,” म्हणायचे, पान गालात सरकवायचे आणि मग यायचं, “मगर हमारे यहाँ...”

नव्वदीतल्या एका मेमध्ये आम्ही तिघे मित्र पुण्याला लग्नाला आलो. हे शेजारीही हौसेनं सोबत होते. शनिवार-रविवार माझ्या गावी, कोकणात, समुद्रावर काढायचा ठरला.

आमचा किनारा इतका निवांत, की कुत्रीसुद्धा दमानं भुंकतात. इस्त्रीचा पायजमा सांभाळत हे खुर्चीत बसले. “अच्छा है. मगर शोर बहुत करता है. हमारे यहाँ गोमती को देखिए, कितनी तमीज़ से बहती है!” मग माझ्या आईनं हापूस कापला. फोडींमागून फोडी फस्त करून म्हणाले, “अच्छा है. मगर हमारे यहाँ की दशहरी...” आईनं ताटली उचलली, ती परत ठेवलीच नाही.

निघायच्या सकाळी पाहतो तर स्वारी एकटीच किनाऱ्यावर. चपला नीट जोडून ठेवलेल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. समुद्राला त्यांनी चक्क झुकून आदाब केला आणि पाण्यात शिरले. लाटेनं कमरेपर्यंत भिजवलं, तसे लहान मुलासारखे खिदळले. मी हळूच मागे फिरलो.

जूनमध्ये लखनौला त्यांच्या गच्चीवर दशहरीची बैठक जमली. सगळे वाहवा करत होते. यांनी आंबा चोखला. “अच्छा है. मगर हमारे कोकण में...”

मी खूश होऊन पुढे सरकलो. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“पूछिए इनसे. ये भी गए थे हमारे साथ.”