मुक्याला बोलता करणारा मंत्र

हेमंत घारपुरे कारखान्याच्या तपासणी विभागात इंजिनीअर होता. हाती आलेली वस्तू कुठं कमी भरते, कुठं जास्त, हे पाहण्यातच त्याची बारा वर्षं गेली होती. कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या त्याच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी दुपारी चौघं जण जेवणाच्या टेबलाभोवती जमत आणि पुण्याच्या मावसभावानं आणून दिलेला एक खेळ खेळत. हेमंत गोष्ट सांगे, बाकीचे गोष्टीतली पात्रं होत. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. पात्राच्या मनातलं साधतं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवी.

सुचेता त्यात उशिरा आली. हेमंतची बायको वंदना शिकवायची त्याच शाळेत ती नव्यानं लागली होती. मूळची नागपूरकडची, आता घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाहपुऱ्याला. दोन बस बदलून यायची आणि फारसं बोलायची नाही. एका रविवारी तिनं वहीचं पान पुढं केलं.

"हेमंतदादा, मी एक मंत्र बनवलाय. चालेल?"

ज्याला वाचा नाही तो या मंत्रानं घटकाभर बोलू लागे. माणूस असो, प्रेत असो, नाहीतर दगड.

"अरे यार, मग तर सगळा सस्पेन्सच खल्लास," शेजारच्या ब्लॉकमधला विजय म्हणाला. "बंद दरवाजालाच विचारायचं, अंदर कौन है."

विजयचं खोटं नव्हतं. हेमंतनं पान ठेवून घेतलं आणि आठवडाभर त्यावर मेहनत केली. दगड-दरवाजे काढले, प्रेतं काढली. घटकाभराचं एक वाक्य केलं, मग वाक्याचा एकच शब्द. तोही साऱ्या मोहिमेत एकदाच, आणि फाशावर सोळाच्या वर पडले तरच. पुढच्या रविवारी त्यानं ते मोठ्या समाधानानं वाचून दाखवलं.

"आता कसा काट्यावर बरोबर उतरला बघ."

सुचेतानं मान हलवली आणि पान परत वहीत ठेवलं.

तीन रविवार तिनं मंत्र राखून ठेवला. चौथ्या रविवारी गोष्टीत एक म्हातारा राजा आला, शापानं वाचा गेलेला. सुचेता खुर्ची पुढं ओढून बसली. फासा तिनं ओंजळीत बराच वेळ घोळवला. अकरा पडले.

"नाही लागला मंत्र," हेमंत म्हणाला. "राजा तुझ्याकडे नुसता बघत राहतो." आणि त्यानं विजयची पाळी पुकारली.

त्यानंतर ती आली नाही. शाळेत परीक्षा असतील, असं हेमंतनं धरून चाललं.

दिवाळीनंतर तिचे वडील वारले. वंदना भेटून आली आणि पर्स हातात तशीच धरून बसून राहिली.

"दीड वर्ष अर्धांगवायूनं पडून होते," ती म्हणाली. "वाचा गेलेली. त्याआधी दोन महिने तिच्याशी अबोला धरला होता, तिनं ठरलेलं लग्न मोडलं म्हणून. राग गेला होता की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलंच नाही."

हेमंत दुसऱ्याच दिवशी शाहपुऱ्याला गेला. सुचेतानं चहा केला, आईशी ओळख करून दिली. आई आत गेल्यावर तो म्हणाला, "तो मंत्र मी फार कापला. मला ठाऊक नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं ना, दादा. आणि खेळच होता तो." तिनं बिस्किटांची बशी त्याच्यापुढं सरकवली. "अकरा पडले तेव्हा वाटलं होतं, तुम्ही पुन्हा एकदा टाकू द्याल."

पुन्हा टाकू देणं त्याच्या हातात होतं. टेबलावरच्या कुणीही हरकत घेतली नसती. चहा संपवून तो उठला.

पुढं कुणीही काही नवं बनवून आणलं, की तो न वाचताच हो म्हणू लागला. त्यानं खेळाची चव गेली. विजयनंही एकदा स्पष्ट सांगितलं, की अशात मजा येत नाही. उन्हाळ्यापर्यंत रविवारची बैठक मोडली. सुचेता वंदनाला शाळेत रोज भेटे, हेमंतची विचारपूसही करी. पिपलानीला मात्र ती पुन्हा आली नाही.