बारा फुटी की चौदा फुटी

"आधी बसा, मग बोलू," असं म्हणून आमचे अण्णा खडू घेऊन शेडच्या फरशीवर वाकायचे. होसकोट्याच्या त्या शेडमध्ये आम्ही ॲल्युमिनियमच्या होड्या बनवायचो. बंगळूरला समुद्र कुठे आहे हो, असं हसून विचारणारे तुम्ही काही पहिले नाही! तळ्याकाठी ज्यांची बाग असे, ती मंडळी घरच्यासाठी होडी न्यायची. अण्णा मालक, आणि मी कारकून म्हणून लागलेला, पण पडेल ते काम करणारा.

मापं दोनच. बारा फुटी चौघांची, चौदा फुटी सहाजणांची. गिऱ्हाईक आलं की अण्णा दोन्ही होड्या खऱ्या मापाने फरशीवर आखायचे आणि अख्ख्या कुटुंबाला त्यात मांडी घालून बसवायचे. "अज्जी, स्वल्प सरका, थोडं पुढे. हां, सरी, आता बरोबर." चांगल्या साड्यांना खडू लागायचा, नवरा-बायकोची जुंपायची, आणि अण्णा गालातल्या गालात हसत उभे. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. कागदावर माप दाखवा आणि मोकळे व्हा की!

ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. जयनगरचे एक कापड दुकानदार आले, आपलेच मराठी. बरोबर बायको, दोन मुलं आणि थोरली बहीण. ही बहीण तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, ती कायमची.

"बारा फुटी पुरे," दुकानदार म्हणाले. "हलकी आहे, दोघांत उचलता येते."

चौघं खडूच्या होडीत छान मावली. बहीण सगळ्यांच्या चपला आणि डब्यांची पिशवी धरून भिंतीशी उभी होती.

"अक्का, तुम्ही?" अण्णांनी विचारलं.

"मी काठावरच बरी. सामानापाशी कुणीतरी हवं की."

"ती कुठेच येत नाही हो," भाऊ म्हणाला.

"विचारलंय कधी?" अण्णा म्हणाले.

बारा फुटी तयार पडली होती, धंदा थंड होता, आणि आमचे अण्णा म्हणतात, "बारा फुटी तुम्हाला द्यायची नाही!" मी कपाळावर हात मारून घेतला. दुकानदारांचा चेहरा लालबुंद. अण्णांनी मात्र शांतपणे अक्कांच्या हातातलं सगळं काढून घेतलं आणि माझ्या हातात कोंबलं. चपलांसकट! मग चौघांना उठवून चौदा फुटीच्या रेघेत बसवलं.

"बसा, अक्का."

अक्का भावजयीकडे बघत राहिल्या. तिने मुलीला मांडीवर ओढलं. "या ना वन्सं."

त्या आल्या. अंग चोरून, पण अगदी पुढच्या टोकाला बसल्या. मग त्यांनी समोर असं काही पाहिलं, की ती शेडची भिंत आहे हे त्या विसरल्याच असाव्यात. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"चौदा फुटीच द्या," भाऊ हळूच म्हणाला.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं त्यांच्याशी रोज वाजायचं, पण तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आठवण आली की ती होडी पाण्यात सोडली तो दिवस डोळ्यांपुढे येतो. आम्ही दोघं तळ्यावर गेलो होतो. अक्का पदर खोचून पुढे बसलेल्या. होडी थोडी आत गेली, आणि जिचा आवाज आम्ही धड ऐकलाही नव्हता, ती बाई खच्चून ओरडली, "अण्णा, तुम्ही का मागे राहिलात? या की, अजून एकाची जागा आहे!"