मोनासाठी पेरलेला अर्धा एकर

सुमंत बोबडे यांचं लहानपण वर्ध्याजवळच्या खेड्यात हरणं हाकलण्यात गेलं. ज्वारी निसवली की माळ्यावर बसायचं आणि कळप दिसला की गोफण फिरवायची. साठी उलटल्यावर तेच सुमंतराव मिशिगनमध्ये हरणांनी यावं म्हणून पेरणी करू लागले, याचं त्यांच्या बायकोला, आसावरीला, भारी हसू येई.

ते तिथल्या ट्रॉय शहरात राहत. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात तीस वर्षं गेली. मुलगी मोना बारा वर्षांची असताना मैत्रिणीच्या वडिलांबरोबर हरणांच्या शिकारीला गेली आणि त्या नादानं वेडीच झाली. पोरीला परक्याच्या रानात बसायला लागू नये म्हणून सुमंतरावांनी उत्तरेला, तीन तासांच्या ड्राइव्हवर, नऊ एकर जंगल घेतलं. स्वतः कधी बंदूक धरली नाही. पण दर नोव्हेंबरला चहाचा थर्मास घेऊन ते तिच्याशेजारी ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या फळ्यांच्या खोपटात, बसत. एरवी खोलीचं दार लावून घेणारी मोना तिथं चार-चार तास त्यांच्या खांद्याला खांदा लावून असायची.

मग ती नोकरीसाठी दूर, वाळवंटातल्या चँडलरला गेली, कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कारखान्यात. सलग तीन नोव्हेंबर आली नाही.

चौथ्या वर्षी सुमंतरावांनी मनावर घेतलं. मोठा नर दिसला तर येईल ती! झाडी तोडून अर्धा एकर मोकळा केला, आम्ल मातीत चुना मिसळला, ऑगस्टच्या सुरुवातीला क्लोव्हरचं गवत आणि टर्निप, म्हणजे सलगम, पेरलं. पीक झकास उगवलं. दर शनिवारी जाऊन ते पानं चाचपून येत. झाडाला बांधलेला कॅमेरा फोनवर फोटो पाठवी. त्यांत खारी, टर्की, आणि बहुतेक वेळा खुद्द सुमंतराव.

ते फोटो पाहून मोनाचा फोन आला.

"बाबा, यू आर इन एव्हरी फोटो!"

"मग पीक बघायला नको?"

"नको. आपली जागा इतकीशी. शेजारी शंभर एकर सोयाबीन आहे, खायला त्यांना कुठेही मिळतं. आपल्याकडे ती शांत वाटलं तरच येतील. तू सारखा जातोस, तुझा वास राहतो. जस्ट स्टे अवे."

"किती दिवस?"

"मी येईपर्यंत."

"येणार आहेस?"

"शिकारीचा सीझन सुरू होतो त्या दिवशी. नक्की."

दोन महिने सुमंतराव तिकडे फिरकले नाहीत. शनिवारी सवयीनं बूट चढवत आणि सोफ्यावरच बसून राहत. "अहो, निदान चक्कर तरी मारून या," आसावरी म्हणे. ऑक्टोबरमध्ये दव गोठायला लागलं, टर्निपची पानं गोड झाली आणि कॅमेऱ्यात एक मादी दोन पाडसांसह दिसली. आठवड्याभरानं आठ फाट्यांच्या शिंगांचा नर आला. मोनानं लिहिलं, "ओ माय गॉड, बाबा." ते चार शब्द त्यांनी दिवसभर उघडून उघडून वाचले.

सीझनच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. शिफ्ट बदलली होती, फ्लाइट कॅन्सल केली होती.

"ठीक आहे गं," सुमंतराव म्हणाले, आणि गॅरेजमध्ये जाऊन तिचा शिकारीचा नारिंगी कोट उगाच झटकत उभे राहिले.

ते एकटेच गेले. ब्लाइंडमधल्या बाकावर नेहमीसारखे डाव्या टोकाला सरकून बसले. उजाडताना मादी आणि पाडसं आली. मग तो नर, इतका जवळ की त्याचा श्वास धुरासारखा दिसत होता. दूर कुठेतरी बंदुकीचा बार झाला. नरानं मान वर केली, वळला आणि बाहेर न पळता सुमंतरावांच्याच झाडीत शिरला. सुमंतरावांचे डोळे भरून आले. शेजारी कोपर मारायला कुणी नव्हतं.

गाडीत येऊन बसतात तोच फोन वाजला. मोना शिफ्टमधल्या ब्रेकवर होती.

"आला?"

"आला."

"वाकड्या ओककडून ना? थांबून मागे बघितलं त्यानं? पाय आपटला?"

तिला एकेक झाड आठवत होतं. सुमंतरावांनी सगळं सांगितलं.

"बाबा, इथं ओल्या पानांचा वास कुठेच येत नाही रे. नेक्स्ट इयर मी..."

"ते राहू दे," सुमंतराव म्हणाले. "अजून काय काय आठवतं, ते सांग."

ती सांगत राहिली. त्यांनी हीटर बंद केला, म्हणजे त्याच्या घरघरीत तिचा शब्द हरवायला नको.