चारकोपच्या बावेवरचा दगड

कऱ्हाडहून सकाळच्या यष्टीनं निघालो तेव्हा पिशवीत कपड्यांचे जोड दोन आणि छिन्न्या अकरा होत्या. बायको म्हणाली, "मुंबईला चाललाय की खाणीत?" मी दगडावर अक्षरं कोरणारा माणूस. आमच्या भागातल्या देवळांच्या पायऱ्यांवर नि शाळांच्या भिंतींवर जी नावं दिसतात, त्यांतली निम्मी माझ्या हातची. पण कामासाठी मुंबईनं बोलवायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे जरा ताठच बसलो होतो. घाटात कंडक्टरचा पाय पिशवीला लागला, तर त्यालाही दोन शब्द सुनावले.

संध्याकाळी बोरिवलीला उतरलो. न्यायला विलास आला होता. त्याचं आजोळ आमच्या शेजारच्या गावचं, आणि मुंबईत तो एका नगरसेवकाचा उजवा हात.

"काका, काम झकास झालं पाहिजे हां," तो रिक्षात म्हणाला. "रविवारी उद्घाटन. साहेब स्वतः येणार."

मुंबई म्हणजे उंच इमारती अशी माझी समजूत. कांदिवली ओलांडून चारकोपला आलो, तर दिसल्या आखलेल्या प्लॉटांच्या रांगा, अर्धवट चढलेल्या भिंती, आणि पलीकडे खाडीचा चिखल नि तिवरांची झाडी. या सगळ्याच्या मधे जुनं गाव होतं. कौलारू घरं, दारांपुढे वाळत घातलेले बोंबील, एका वळणावर पांढरा क्रूस, आणि क्रूसासमोर बाव (विहीर). बावेला नवा सिमेंटचा कठडा बांधला होता. त्यातच बसवलेला हातभर लांब काळा दगड माझी वाट पाहत होता.

उतरायची सोय बावेसमोरच्या घरात, फिलोमिना मावशींकडे होती. साठी उलटलेली बाई, अंगावर आमच्याकडच्यासारखंच लुगडं. मी सवयीनं कपाळावर कुंकू शोधलं, तर ते नव्हतं. गळ्यात क्रूस होता. इथले मूळचे रहिवासी बरेचसे ख्रिस्ती, आणि बोलतात मराठी. हे मला पन्नाशीत कळलं, याची थोडी लाज वाटली.

"काय बघतंस?" मावशी म्हणाल्या. "ये, हातपाय धू. पानी बावेचाच हाय, गोड हाय."

पाणी खरंच गोड होतं. खाडी इतकी जवळ असून कसं, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या आज्यानं खनली. तो न् त्याचे तीन भाव. पाखाडीतल्या (वस्तीतल्या) बायांनी माती वाहिली." जेवायला सुक्या बोंबलाचं कालवण आणि फुगे (मैद्याचे तळलेले पोकळ गोळे) होते. फुगे मी नऊ खाल्ले.

सकाळी विलासनं मजकुराचा कागद दिला. 'ही विहीर लोकनेते माननीय' आणि पुढे साहेबांचं नाव, 'यांनी जनतेसाठी बांधली.' मी दोनदा वाचला.

"विहीर तर मावशींच्या आजोबांनी खणली," मी म्हणालो.

"साहेबांनी कठडा बांधला ना, काका. एकच झालं." मग त्यानं कागद परत घेतला. 'माननीय' आधी की 'लोकनेते' आधी, यावर ऑफिसात वाद चालू होता. निकाल लागायला दोन दिवस लागणार होते.

रिकामा बसवेना, म्हणून कान्हेरीची लेणी पाहायला गेलो. बोरिवलीच्या जंगलातून चढत गेलं की काळ्या डोंगरात खोल्याच खोल्या, आणि जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली. तिथला पहारेकरी गप्पिष्ट निघाला. त्यानं एका टाक्यावरची ओळ काठीनं दाखवली.

"कुणा व्यापाऱ्यानं हे पाणी दान दिलं, असं लिहिलंय म्हणतात. इथं असेच सगळे. कुणी शेठ, कुणी राजाचा माणूस."

"आणि खोदलं कुणी?"

"ते कोण लिहितंय?" तो हसला.

माझं डोकं तापलं. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, पैसेवाल्याचं नाव अजून बोटाला लागतं, आणि ज्यानं छिन्नी धरली तो कोण होता याचा पत्ता नाही. माझ्या सात पिढ्या त्याच जातीच्या कामात गेल्या. परतीच्या बसमध्ये मी एक गोष्ट ठरवून टाकली.

आमच्यात खोली सुतानं मोजतात. इंचाला आठ सूत. नाव टिकायचं तर तीन सूत खोल लागतं. कागद पक्का होऊन आल्यावर मी साहेबांचा अख्खा मजकूर एकच सूत कोरला. वर सोनेरी रंग भरला की कुणाला कळणार? दगड कठड्यावर, त्यावरून दिवसभर दोर घासणार, कळश्या आपटणार. आठ-दहा वर्षांत दगड पुन्हा कोरा. शनिवारी दुपारी काम आटोपलं तेव्हा स्वतःवरच खूश होतो. जेवताना मावशींना हळूच सगळं सांगितलं. वाटलं होतं, ताटात दोन फुगे जास्त पडतील.

मावशींचा हात थांबला.

"एक सूत?"

"तुमच्या आजोबांच्या विहिरीवर दुसऱ्याचं नाव राहू देणार नाही मी."

"मेल्या, तुला कोनी सांगितला हा शहानपना?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "वाट लावलीस ना आमची! चल. चल माझ्याबरोबर."

उष्ट्या हातानं त्यांच्या मागे गेलो. दोन गल्ल्या सोडून एक मोकळी जागा होती. विटांचे तुकडे, राडारोडा, आणि त्यातून वर आलेला दगडी काठाचा एक कोपरा.

"ही परेराची बाव. गेल्या साली बिल्डरनं दुपारच्याला चार ट्रक माती आनून वोतली. आमी बाया आडव्या झालो, तर म्हनाला, कुनाची हाय, कागद दाखवा. कागद कुठला? त्याच्यावर परेराच्या बापाचा नाव होता, चांगला दगडात. कोन भ्याला त्याला?"

मी वाकून त्या दगडी कोपऱ्याला हात लावला.

"आता आमच्या बावेवर डोला हाय त्याचा. मी साहेबाच्या हापिसात आठ वेला गेले. त्याला बाव कुठं हाय ते ठावं पन नव्हता. मीच म्हनाले, साहेब, तुमचा नाव लावा, तुमीच बांधली म्हना. साहेबाच्या नावावर माती टाकायची कुनाची छाती हाय? पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचा, जेसिंताचा लगीन हाय. आमच्यात लग्नाआधी बावेवर वाजत जातात, तिथलाच पानी आनून पोरीला न्हाऊ घालतात. नलाचा पानी घालू काय तिला?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्यांच्या आजोबांचा कैवार घेत होतो, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

"खोल काढ," मावशी म्हणाल्या. "त्याचा नाव राहू दे. पानी आमचा हाय."

रंग खरवडून पुन्हा बसलो. कोरलेलं अक्षर खोल करणं नवं कोरण्यापेक्षा अवघड. कड फुटली की गेलं. अंधार पडेपर्यंत ठोकलं, पहाटे उजाडताच पुन्हा ठोकलं. मावशी शेजारी बसून दगडावर पाणी सोडत होत्या आणि मधूनमधून अक्षरात बोट घालून पाहत होत्या. "अजून," म्हणायच्या. 'बांधली'वरचा शेवटचा अनुस्वार पुरा झाला तेव्हा रस्त्यावर मंडप उभा राहिला होता.

साहेब आले. नारळ फुटला. ही विहीर बांधताना आपल्याला किती अडचणी आल्या, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. सगळ्यांत जोरात टाळ्या मावशींनी वाजवल्या. हारही त्यांनीच घातला. विलास माझ्या कानाशी म्हणाला, "काका, अक्षर काय खोल आलंय यार!" गर्दीच्या कडेला पांढऱ्या सफारीतला एक माणूस दगड वाचत उभा होता. मावशींनी नजरेनंच सांगितलं, हाच तो बिल्डर. त्यानं सगळा मजकूर वाचला, मंडपातल्या साहेबांना नमस्कार केला आणि गाडीत बसून गेला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी नदीच्या घाटावर गेलो. आमच्या घाटाच्या तिसऱ्या पायरीवर एका जहागीरदाराचं नाव आहे. लहानपणापासून मी त्यावर मुद्दाम पाय देऊन उतरतो. त्या दिवशी बसलो आणि अक्षरात बोट घातलं. पुरं तीन सूत. हे नाव त्यानं लावलं, की घाट टिकावा म्हणून कुणी मावशीनं लावून घेतलं, ते आता कोण सांगणार? कान्हेरीचंही तेच. उतरताना मी कडेनं उतरलो.

हे सगळं तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं. परवा मावशींचं कार्ड आलं, नातीच्या अक्षरात. जेसिंताचं पाणी याच बावेतून निघालं, बँड होता, तुम्ही हवे होता. पुढे लिहिलं होतं: साहेब निवडणुकीत पडले. पांढरा सफारीवाला कालपासून पुन्हा बावेभोवती फिरतो आहे. नव्या साहेबांना भेटून आले, ते तयार आहेत. जुनं नाव घासून त्याच दगडावर नवं निघेल का?

मी उलट टपाली कळवलं. सोमवारी निघतो. दगड चार बोटं जाड आहे, काळजी नसावी. अजून पाच-सहा साहेब त्यात सहज मावतील.