मागचं साफ केलेलं स्टेशन

आमच्या गावचं जुनं स्टेशन पाडलं, तेव्हा गावाला अचानक त्याच्याबद्दल प्रेम वाटायला लागलं. उभं होतं तोवर लोक त्याच्या भिंतींवर थुंकत होते. नवी इमारत झाली आणि तिच्या वेटिंग हॉलमध्ये काचेच्या पेटीत जुन्या स्टेशनचं मॉडेल ठेवायचं, असं नागरिक समितीनं ठरवलं. समितीचे अध्यक्ष माझे काका. मी कॉलेजपासून पुठ्ठा आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या कापून छोट्या इमारती करते, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"उद्घाटनाच्या आत झालं पायजे," ते म्हणाले. "नसन जमत तं आत्ताच सांग. अकोल्याचा एक जण थर्माकोलचं करून देते, लायटिंगसहित."

ते थर्माकोलचं स्टेशन मला लगेच दिसलं. गुलाबी, आत लाल-निळे दिवे. मी हो म्हटलं.

रस्त्याकडची बाजू मी शाळेत असताना काढलेल्या फोटोंवरून झाली. फलाटाकडची अडली. कमानी पाच होत्या की सहा? छपराच्या कडेची लाकडी झालर टोकदार होती की गोल? त्या फलाटावर मी अर्धं बालपण गाडीची वाट बघत उभी होते, पण नुसत्या आठवणीवर कटर चालवायची माझी तयारी नव्हती. चुकीचं स्टेशन काचेत ठेवायचं, तर थर्माकोल काय वाईट?

काकांनी गावाच्या ग्रुपवर आवाहन टाकलं. फोटो ढिगानं आले. सेल्फी आले. एक्सप्रेसला थांबा मिळाला त्या दिवशीचे आले : इंजिनाला हार, ड्रायव्हरला हार, हार घालणाऱ्याला हार. मागे स्टेशन असावं, असा फक्त संशय यायचा. एका वकीलसाहेबांनी 'आपल्या मातीचं वैभव' असं लिहून एका देखण्या स्टेशनचा फोटो टाकला. त्यात मागे धुक्यातला हिरवागार घाट होता. आमच्या स्टेशनमागे कापसाची जिनिंग मिल आहे. त्या फोटोला सगळ्यांनी हात जोडले. कुणी तरी रोज त्याच फलाटावरून शाळेला जायचं म्हणे, डोळे भरून आले म्हणे.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मी कुठेच फार बोलत नाही, गावात त्याला इंग्लिश मिडियमचा माज म्हणतात. त्या आठवड्यात तो खरोखर आला.

लग्नाचे अल्बम बघ, असं आईनं सुचवलं. तिचं बरोबर होतं. वराती रेल्वेनं जायच्या, तेव्हा नवरदेवाला डब्यात चढवण्याआधी सगळ्या वऱ्हाडासकट फलाटावर उभं करायचं आणि फोटो काढायचा. नवरी घेऊन परत आले की पुन्हा तसाच. गावातले बहुतेक अल्बम एकाच स्टुडिओचे, म्हणून मी तिथे गेले. मालकांनी नमुन्याचे जाडजूड अल्बम अभिमानानं समोर ठेवले. पान उलटलं. नवरदेव, बाशिंग, मामा, आत्या, पायाशी पत्र्याची पेटी, आणि मागे स्वित्झर्लंड. दुसऱ्यात ताजमहाल. तिसऱ्यात धबधबा, इतका जवळ की मामा ओले व्हायला हवे होते.

"हे आपल्या स्टेशनवरचेच आहेत ना?"

"हाव ना. सारे फलाटावरचे."

"मग स्टेशन कुठाय?"

"मांगचं साफ करून देतो ना आपण, ताई. लग्नाच्या फोटोत स्टेशन कोणाले पायजे? कचरा दिसते."

"मूळ फोटो असतील?"

"ते काऊन ठेवू? जागा खातेत फुकटची."

म्हणजे हा माणूस एसीत बसून, माउसनं कडा कोरत, वर्षानुवर्षं आमचं स्टेशन पाडत होता. आणि कोरायचं तरी नीट! नवरदेवांच्या कानांचे कोपरे आल्प्समध्ये राहिले होते.

मी निघाले तेव्हा ते हसले. "एकाच घरचा अल्बम साधा हाये. सासरा लय चिकट. म्हणे, मांगचं राहू द्या, त्याचे जास्तीचे काऊन देऊ?"

त्या घरची सून आता घराच्या पुढच्या खोलीत मॅचिंग सेंटर चालवते. आधी तिनं अल्बम सापडत नाही म्हणून सांगितलं. मग चिडून काढला.

"काय पाहतं वं त्याच्यात? माह्या चुलत जावंच्या मांगं कश्मीर हाये. अन् माह्या मांगं काय, तं संडासाचा बोर्ड!"

खरंच होता. नवरीच्या डोक्यावर बरोबर 'पुरुष प्रसाधन'. त्याच्या आजूबाजूला माझं अख्खं स्टेशन.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "पन तुले कम्प्युटर येते म्हणतात. माह्या मांगचं बदलून आन. बर्फ पायजे, पन लय थंडी नाई वाटली पायजे."

"पण फोटो चांगला आहे, काकू. खरा आहे."

"खरा तुले पायजे. मले काऊन?"

मी अल्बम पिशवीत घातला. घरी येऊन स्कॅन केलं. कमानी पाच, आणि सहावी विटांनी बुजवलेली. तो बोर्ड त्या बुजवलेल्या कमानीवरच ठोकला होता. झालर टोकदार. फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली आणि मग स्वतःच्या हातानं स्टेशन पुसायला बसले. पदराची किनार, बाशिंगाच्या लडी, सुटलेले केस, सगळं कोरलं. कान शाबूत ठेवले. तिनं प्रिंट उजेडात धरून बराच वेळ बघितली. "आता कसं लग्न झाल्यावानी वाटते," ती म्हणाली आणि जुन्या फोटोवरच ती चिकटवून टाकली.

मॉडेल वेळेत झालं. काकांनी वाकून बघितलं.

"हा बोर्ड काढ वं. उद्घाटनाले मोठे लोक येऊन राह्यले."

"तो तिथे होता."

"होता तं होता. साफ करून टाक ना!"

"नाही करणार," मी म्हणाले. काकांना मी पहिल्यांदाच नाही म्हणत होते. त्यांनी मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि गेले. मला वाटलं, जिंकले.

उद्घाटनाच्या दिवशी पेटी हॉलच्या कोपऱ्यात होती, फलाटाची बाजू भिंतीकडे करून. पाच कमानी, बुजवलेली सहावी, झालर, बोर्ड, सगळं भिंतीकडे तोंड करून. ते बघायचं असेल तर काच आणि भिंत यांच्या फटीत मोबाइल घालून अंदाजानं फोटो काढावा लागतो. मी काढून ठेवला आहे.