आप्पांच्या फियटचा डबा

डिंडोलीतल्या आमच्या खानदेशी गल्लीत फियट एकच, चिंधाआप्पांची. चाळीस वर्षं जुनी. तिच्यामुळे समाजात आपल्याला मान आहे, असं आप्पा धरून चालत. कुणाचंही लग्न असो, नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत तेच घेऊन येत आणि मग पहिल्या रांगेत अशा थाटात बसत, जणू लग्न त्यांनीच लावलंय.

पूर्वी या गाडीत जुन्या पद्धतीचे पॉइंट होते. त्यांची उघडझाप झाली की इंजिनात ठिणगी पडायची. आप्पा दर पंधरा दिवसांनी ते पॉलिश पेपरने घासत बसायचे आणि शेजारपाजारचे हसायचे. हसलेलं आप्पांना खपत नाही. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पॉइंट काढून टाकले आणि तेच काम करणारा चकचकीत इलेक्ट्रॉनिक डबा आणला. बॉनेट उघडल्याबरोबर लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून तो त्यांनी नेमका धुराच्या पाइपाशेजारी ठोकला. तिथे बोट टेकलं तर फोड येतो.

आणि हेच आप्पा बमरोलीच्या कापड कारखान्यात लूम फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. उन्हाळ्यात लूमचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बंद पडलं की शेठला सुनावणार, कार्डाला पंखा लावा, त्याला गरमी सोसत नाही. हे शहाणपण घरी येताना ते बहुधा कारखान्यातच ठेवून येत असावेत.

व्हायचं तेच झालं. तापली की गाडी बंद, निवली की आपोआप चालू. आप्पांनी पेट्रोलला शिव्या दिल्या, प्लग बदलले, बॅटरी बदलली, शेवटी लिंबू-मिरची बांधली. डब्याला बोल लावायची सोय नव्हती, कारण त्याची फुशारकी गावभर मारून झाली होती. त्यांची मुलगी हर्षदा पर्वत पाटियाला एका दुकानात लूमची कार्डं दुरुस्त करते. डबा तिथून हलवा, असं तिने एकदा सांगून पाहिलं. गाडी म्हणजे लूम नव्हे, असं म्हणून आप्पांनी तिला वाटेला लावलं.

याच हर्षदाचं लग्न बमरोलीच्या ललितशी ठरलं. त्यांचे घरचे बारा लूम. बोलणी चालू असताना ललितच्या आईने, सुषमाबाईंनी, मुलगी दुकानात काम करते का एवढंच विचारलं. आप्पांना त्यात टोमणा ऐकू आला. त्यांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला, की लग्नानंतर पोरगी कामाला जाणार नाही. हर्षदा आत चहा गाळत होती. तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नंतर ती रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. मर्दाचा शब्द एक असतो, असं म्हणून आप्पा फियट पुसायला गेले.

मे महिना, साडेबाराचा मुहूर्त. आमच्या खानदेशी वरातीत मुहूर्त पत्रिकेत छापण्यापुरता असतो. पुढे बँड, मागे नाचणारी मंडळी, त्यांच्यामागे गोगलगायीच्या चालीने फियट, आत घामाघूम ललित. सजावटवाल्याने पुढच्या जाळीवर झेंडूचे हार असे गच्च लावले होते, की इंजिनाला वाऱ्याची झुळूक मिळू नये. गाडी शंभर पावलांवर बंद पडली. निवली, चालली, पुन्हा बंद पडली. नाचणाऱ्यांची चंगळ झाली. पाचव्यांदा बंद पडली तेव्हा एक वाजून गेला होता. हार विस्कटतील म्हणून आप्पा बॉनेटला कुणाला हात लावू देईनात. मग ललितनेच गाडीतून हर्षदाला फोन लावला.

ती बाशिंग बांधलेल्या अवतारात बहिणीच्या मोपेडवर मागे बसून आली. आल्या आल्या हार बाजूला केले आणि बॉनेट उघडलं. बँडवाल्याकडून पाना घेतला, डब्याचे दोन बोल्ट काढले, तो वायरींसकट ओढून पाइपापासून लांब, पुढच्या जाळीजवळ बांधला आणि अर्थिंगसाठी एक जादा वायर गाडीच्या पत्र्याला जोडली. शालूचा पदर काळा झाला. डब्याला हात लावता येईपर्यंत ती उभी राहिली, मग ललितला चावी फिरवायला सांगितली. गाडी चालू झाली.

"मी म्हटलंच होतं, डबा गरम होतो म्हणून," आप्पा जमलेल्यांना सांगू लागले.

सुषमाबाई हर्षदाच्या काळ्या हातांकडे बघत होत्या. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात कार्डं जळतात आणि दुरुस्तीवाल्यासाठी चार-चार दिवस लूम बंद राहतात.

"इतलं कसब हातमा शे, मंग काम कसाले सोडी दिधं, माय?" त्यांनी विचारलं.

हर्षदाने हात पुसले नाहीत. ती म्हणाली, "मी नही सोडं. आप्पानी सोडं, माले न विचारता."

सुषमाबाई आपल्या व्याह्यांकडे, आप्पांकडे वळल्या.

"मंग याही, तुमीच घर बसा. पोर कामले जाई."

नेमके तेव्हा बँडवाले पाणी प्यायला थांबले होते, त्यामुळे ते सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं.